पाण्यातल्या खेळांसाठी घड्याळाचा पट्टा: सिलिकॉन की अखंड नायलॉन?

पैठणच्या नाथसागर जलाशयात कयाक उलटली आणि घड्याळ मनगटावरून सुटलं, तर त्या गढूळ पाण्यात ते सापडणं अवघडच. म्हणून पट्टा आधी बघा.

सिलिकॉनचा पट्टा सहसा दोन तुकड्यांचा असतो. दोन्ही तुकडे डायलच्या दोन बाजूंना एकेका स्प्रिंगच्या पिनवर अडकलेले. वल्हं किंवा लाइफ जॅकेटचा बंद अडकून एक पिन निसटली की घड्याळ गेलंच. ओला पट्टा लूपमधूनही सरकतो. जमेची बाजू एवढीच, की तो लगेच वाळतो आणि नाडी मोजणारा सेन्सर कातडीला टेकलेला राहतो.

अखंड नायलॉन पट्टा दोन्ही पिनांखालून, डायलच्या पाठीमागून जातो. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं. पण पाठीमागचा थर सेन्सर झाकतो, त्यामुळे नाडीचे आकडे मिळत नाहीत. भिजल्यावर नायलॉन किंचित सैलावतं, म्हणून ओलं करूनच आवळा. वेल्क्रोचा असेल तर त्यात गाळ बसून पकड जाते. जुन्या टूथब्रशने घासून काढा.

नाडी बघायची नसेल तर नायलॉनच घ्यावा. सिलिकॉनच वापरायचा असेल, तर मनगटाच्या हाडाच्या वर, नेहमीपेक्षा एक भोक घट्ट बांधा आणि निघण्याआधी दोन्ही पिना ओढून बघा.