अर्जेंटिना प्रकरणाच्या तारा आणि त्या वाचायला देणारे संकेतस्थळ

१८६१ साली सुरू झालेल्या ‘फॉरिन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या आपल्या दस्तऐवजमालेचे खंड अमेरिकी परराष्ट्र खात्याचे इतिहास कार्यालय आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला देते. त्यासाठी नावनोंदणी करावी लागत नाही आणि खंड ई-बुक म्हणून उतरवूनही घेता येतो. अमेरिका खंडातील प्रजासत्ताकांनी १९४५-४६ मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीविषयी जी सल्लामसलत केली, ती मुळातून पाहावी म्हणून मी १९४५ चा नववा आणि १९४६ चा अकरावा खंड वाचला.

या सेवेचे खरे मोल राजदूत आणि खाते यांच्यातील तारांच्या मांडणीत आहे. प्रत्येक दस्तऐवजाला स्वतंत्र पान असून तारेवर दिनांकाबरोबर ती पाठवल्याची वेळही असते, त्यामुळे कोणी आधी मत ठरवले आणि कोणाला नंतर विचारले, हे वाचकाला स्वतःच ताडून पाहता येते. नोव्हेंबर १९४५ मध्ये उरुग्वेचे परराष्ट्रमंत्री रोद्रिगेस लारेता यांनी, एखाद्या देशात मूलभूत हक्क सतत पायदळी तुडवले जात असतील तर सर्वांनी मिळून कृती करावी, असा प्रस्ताव मांडला. वॉशिंग्टनने त्याला तत्परतेने पाठिंबा दिला. पण हस्तक्षेप न करण्याचे तत्त्व मोठ्या कष्टाने पदरात पाडून घेतलेल्या बहुतेक लॅटिन अमेरिकी सरकारांनी त्यापासून अंग काढून घेतले. त्यांची ही नाखुशी तारांच्या सावध भाषेतून जितकी कळते, तितकी कोणत्याही सारांशातून कळणार नाही.

पुढे फेब्रुवारी १९४६ मध्ये, अर्जेंटिनातील निवडणूक जेमतेम दोन आठवड्यांवर आली असताना, अमेरिकेने ‘निळे पुस्तक’ प्रसिद्ध करून तिथल्या राज्यकर्त्यांवर महायुद्धात जर्मनीशी संधान बांधल्याचा आरोप केला. त्या पुस्तकाच्या शीर्षकातच ‘सल्लामसलत’ हा शब्द आहे, याची मला मौज वाटली, कारण इतर प्रजासत्ताकांपुढे ते आले तेव्हा आरोपपत्र तयारच होते. लष्करी राजवटीतील प्रमुख नेते आणि अध्यक्षपदाचे उमेदवार हुआन पेरोन यांनी ‘ब्रेडन की पेरोन’ ही घोषणा देत (ब्रेडन हे अर्जेंटिनातील माजी अमेरिकी राजदूत आणि पेरोन यांचे कडवे विरोधक) २४ फेब्रुवारीची निवडणूक जिंकली.

नवख्या वाचकाने मात्र घटनाक्रम आधी अन्यत्र वाचून घ्यावा, कारण तळटीपा नेमक्या असल्या तरी त्या गोष्ट सांगत नाहीत. शिवाय हे दप्तर एकाच बाजूचे आहे: माँतेव्हिदेओ (उरुग्वे) किंवा रिओ (ब्राझील) येथील मंत्र्यांचे म्हणणे येथे बहुधा अमेरिकी राजदूताच्या शब्दांत भेटते. पेरोन यांच्या बाजूने निघालेल्या ‘निळ्या-पांढऱ्या पुस्तका’साठी स्पॅनिश साधनांकडेच वळावे लागेल.