होडीवर गरवायला जाताना पायात काय: गमबूट, आखूड डेक बूट की क्लॉग?

भाच्याने यंदा 22 फुटी फायबरची होडी घेतली. नारळी पौर्णिमा झाली की रविवारी पहाटे खाडीच्या तोंडावर जायचं, तांबोशी नाहीतर शिंगाळा मासा लागेपर्यंत गरवायचं, म्हणजे गरी टाकून बसायचं, आणि ऊन चढायच्या आत परत, असा त्याचा बेत. अधूनमधून मित्राच्या ट्रॉलरवरही जातो. त्याने फोन करून विचारलं, ‘मामा, गुडघ्यापर्यंतचे गमबूट घेऊ की ते आखूड डेक बूट? की आपले मागून उघडे फोमचे क्लॉगच बरे?’ दर सिझनच्या तोंडावर हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. बहुतेक जण बुटाची उंची बघून बूट घेतात. होडीवर पाय टिकतो तो सोलवर, म्हणून आधी सोलचं सांगतो.

नुसत्या पाण्याने माणूस सहसा पडत नाही. मासळीच्या अंगावरची बुळबुळ, सुटलेले खवले, आमिषाला कापलेल्या तारलीचं तेल आणि इंजिनाजवळ ठिबकलेलं डिझेल पाण्यात मिसळलं की डेकवर जो थर बसतो, तो घात करतो. त्यात फायबरच्या होडीला वरून जेलकोटचा गुळगुळीत थर असतो. लाकडी होडीच्या फळ्या त्या मानाने बऱ्या, निदान रंग उडालेल्या असल्या तर. काही जण डेकच्या रंगात बारीक वाळू मिसळून मारतात. ज्याची स्वतःची होडी आहे त्याने हे आधी करावं, बूट नंतर घ्यावेत.

पाय टेकताना सोल आणि डेक यांच्यामधलं पाणी बाजूला जायला वाट लागते. वाट मिळाली नाही तर सोल पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो आणि पाय निसटतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या पॉल स्पेरी या शिडाच्या होडीच्या शौकिनाने 1935 साली यावर उपाय काढला. त्याचा कुत्रा बर्फावर न घसरता पळताना त्याने पाहिला, पंजाच्या तळव्यावरच्या बारीक भेगा पाहिल्या आणि तशाच नागमोडी चिरा रबरी सोलमध्ये पाडल्या. आजचा बोटीवरचा कुठलाही चांगला सोल याच तत्त्वावर चालतो. सपाट, मऊ रबर आणि त्यात जवळजवळ असलेल्या बारीक चिरा. चिरांमधून पाणी निघून जातं आणि प्रत्येक चिरेची धार डेकला धरते.

म्हणून ट्रेकिंगचे बूट होडीवर आणू नका. राजगडाच्या मुरमाड उतारावर सोलचे जे खोल दाते उपयोगी पडतात, ते सपाट फायबरवर फक्त टोकांवर टेकतात, म्हणजे डेकला लागणारं रबरच कमी होतं. वर दात्यांत खडे अडकतात, जेलकोटवर ओरखडे पडतात आणि गरीचा दोर बुटाच्या लेसमध्ये गुंततो. मासा लागलेला असताना पायाला दोर गुंतला तर काय होतं, हे ज्याने एकदा पाहिलंय तो होडीवर लेसवाला बूट पुन्हा घालत नाही.

सोलचा मऊपणा दुकानातच कळतो. अंगठ्याचं नख सोलमध्ये दाबा. चांगल्या रबरात नख जरासं रुततं आणि काढलं की खूण भरून येते. प्लास्टिकच्या बादलीसारखं टणक लागलं, तर वरची नक्षी कितीही छान असो, ओल्या डेकवर तो सोल सरकणार.

आता एकेक जोड समोर ठेवून बघू.

बंदरावरच्या दुकानात टांगलेले काळे किंवा पांढरे गमबूट बहुतेक पीव्हीसीचे असतात. साधारण 500 ते 800 रुपयांत जोड मिळतो. खारं पाणी, डिझेल, मासळीचं रक्त यांचं त्यांना लगेच काही होत नाही, पाइपने धुतले की काम झालं. ट्रॉलरवर जाळं रिकामं झाल्यावर मासळी निवडायला बसणाऱ्याला किंवा बर्फाच्या खणात उतरणाऱ्या खलाशाला गुडघ्यापर्यंतचा बूट लागतोच. ढिगात शिंगाळ्याचे काटे असतात, चिंबोऱ्या असतात, आणि बर्फात उघड्या पायाने किती वेळ उभं राहणार? पण पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हात आणि वापरात हळूहळू निघून जातं आणि बूट आणखी टणक होतो. बरेच स्वस्त गमबूट शेतातल्या आणि बांधकामावरच्या चिखलासाठी केलेले असतात, त्यांच्या सोलला मोठाले दाते असतात.

माझा स्वतःचा तिसऱ्या वर्षातला जोड असाच होता. वरून धडधाकट, कुठे चीर नाही. टाच मात्र झिजून काचेसारखी चकाकत होती आणि मी ती कधी उलटी करून पाहिली नव्हती. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोट धक्क्याला लागत असताना मांदेलीच्या पाण्यावरून पाय गेला आणि गुडघा खणाच्या कडेवर आपटला. तीन आठवडे जिना चढता येत नव्हता. तेव्हापासून दर महिन्याला बूट उलटा करून टाच बघतो. चकाकी दिसली की तो जोड बागेत वापरायला.

तेवढ्याच उंचीचे पण रबराचे आणि पॉलियुरेथेनचे बूटही मिळतात. नैसर्गिक रबर मऊ, ओल्यावर चांगलं धरतं, पायाबरोबर वाकतं. त्याचं वैर तेलाशी आहे. डिझेल लागत राहिलं की रबर फुगतं आणि चिकट होतं. म्हणून इंजिनाशी काम असलेल्याने नायट्राइल मिसळलेल्या रबराचा सोल मागावा. पॉलियुरेथेनचा बूट हातात घेतल्याबरोबर हलका लागतो, कारण त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात. दिवसाचे बारा तास उभ्याने काम करणाऱ्याला हा फरक संध्याकाळी पिंढऱ्यांत कळतो. किंमत पीव्हीसीच्या कितीतरी पट, आणि एक खोड अशी की दमट हवेत पॉलियुरेथेन काही वर्षांनी आपोआप भुसभुशीत होऊ लागतं, बूट न वापरता ठेवला तरी. त्यामुळे रोज वापरणाऱ्यालाच ते परवडतं. वर्षातून चार वेळा जाणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत.

आखूड डेक बूट म्हणजे घोट्याच्या जरा वर येणारा, सुमारे सहा इंच उंचीचा, लेस नसलेला, ओढून घालायचा रबरी बूट. अलास्कातल्या मासेमारांच्या पायात एक्स्ट्राटफ या कंपनीचे तपकिरी बूट घरोघर दिसतात, त्याच घराण्यातला हा धाकटा भाऊ. त्यांच्या सोलवर बाणाच्या टोकांसारख्या रांगा असतात आणि रबर मऊ असतं. परदेशी जोड 100 डॉलरच्या आसपास जातो. त्याच धर्तीचे इतर कंपन्यांचे स्वस्त जोडही मिळतात, पण त्यांचा सोल नखाने तपासल्याशिवाय घेऊ नका. सोल फिकट रंगाचा किंवा ‘नॉन-मार्किंग’ लिहिलेला असेल तर पांढऱ्या फायबरवर काळे ओरखडे उठत नाहीत. एक काळजी घ्या. थंड देशांसाठी केलेल्या जोडांना आतून निओप्रीनचं जाड अस्तर असतं, कोकणातल्या ऑक्टोबरच्या उन्हात त्यात पाय उकडून निघतो. बिनअस्तराचा घ्या.

या बुटाची मर्यादा किनाऱ्यावर कळते. हर्णैसारख्या ठिकाणी किंवा कुठल्याही पुळणीवरून होडीत चढायचं तर गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, आणि आखूड बुटात पहिल्या लाटेलाच पाणी शिरतं. अशा वेळी बूट हातात घेऊन चढावं, होडीत बसल्यावर पाय पुसून घालावेत. धक्क्यावरून चढणाऱ्याला हा प्रश्नच येत नाही.

क्लॉग आणि फ्लोटर लोकप्रिय आहेत ते हलके, स्वस्त आणि पाण्यात तरंगणारे म्हणून. त्यांचं ईव्हीए फोम नवं असताना बऱ्यापैकी धरतं, पण भराभर झिजून गुळगुळीत होतं. टाच मोकळी राहत असल्याने लाटेवर होडी कलंडली की पाय बुटाच्या आतच घसरतो. पुढची भोकं तर गरीला आमंत्रण. खाडीत नांगर टाकून बसून गरवणाऱ्याला चालतील, उभं राहून मासा ओढणाऱ्याला नाहीत.

आणि अनवाणी? आमच्याकडच्या जुन्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या कप्तानांनी, जन्म अनवाणी काढला आणि ते लाकडी डेकवर मांजरासारखे चालतात. पायाची बोटं फळी धरतात, होडीची प्रत्येक हालचाल तळव्याला आधी कळते. हे कसब मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण ते लहानपणापासून पाय घडल्यावर येतं, रविवारच्या माणसाला येत नाही. शिवाय शिंगाळ्याचा काटा कसब बघत नाही. तो लागला तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, वेदना बऱ्याच उतरतात. मग डॉक्टरांकडे जाऊन काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते बघून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पाकटाच्या शेपटीचा काटा मात्र गमबूटही अडवेल असा भरवसा धरू नका. पाकट होडीत घेताना पायच लांब ठेवायचा.

पाण्यात पडण्याचा विचार बूट घेतानाच करायला हवा, आणि इथे एक गैरसमज आहे. लोक म्हणतात, गमबुटात पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो. पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं, त्यामुळे भरलेला बूट खाली खेचत नाही. पण त्याने पाय मारता येत नाहीत, माणूस लवकर दमतो. खरी अडचण होडीत परत चढताना येते, कारण बूट पाण्याबाहेर आला की आतल्या पाण्याचं सगळं वजन पायावर येतं. दोन उंच गमबूट भरून उचलायचे म्हणजे पाण्याच्या कळश्या पायाला बांधून शिडी चढणं. म्हणून उंच बूट एका पायाच्या टाचेने दुसरा ढकलून निघेल इतपतच घट्ट असावा. आखूड बूट लाथ मारताच निघतो. लाइफ जॅकेट अंगावर असावं हे वेगळं सांगत नाही.

बुटाच्या बाजूला किंवा आतल्या पट्टीवर काही अक्षरं असतात, ती वाचा. रबरी गमबुटांसाठी भारतीय मानक आयएस 5557 आहे आणि पीव्हीसीच्या बुटांसाठी आयएस 12254. हे आकडे असले की बूट ठीक बनलाय असं समजा, पण न घसरण्याची हमी त्यात धरू नका. त्यासाठी युरोपीय मानकातली एसआरए, एसआरबी, एसआरसी ही अक्षरं बघा. एसआरए म्हणजे साबणाच्या पाण्याने ओल्या टाइलवर चाचणी, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या पोलादी पत्र्यावर, आणि एसआरसी म्हणजे दोन्हींत पास. 2022 च्या आवृत्तीनंतरच्या बुटांवर नुसतं एसआर दिसेल, तिथेही ग्लिसरीनची चाचणी झालेली असते. मासळीच्या तेलाच्या जवळ जाते ती ग्लिसरीनची चाचणी, म्हणून एसआरसी किंवा एसआर असेल तोच जोड आधी हातात घ्या.

माप संध्याकाळी घ्यावं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे होडीवर घालणार तेच घालून बघा. आपल्याकडे चपलेत वाढलेले पाय पुढून पसरट असतात आणि परदेशी साचे चिंचोळे. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत, टाच मात्र चालताना अर्ध्या इंचापेक्षा जास्त उचलली जाऊ नये. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ज्याला चिखल्या होतात त्याचा दिवस खराब होतो. पातळ लोकरी किंवा नायलॉनचे मोजे घ्या, एक कोरडा जोड पिशवीत टाका.

घेतलेला जोड फक्त होडीवर वापरा. धक्क्यावर चाललं की बारीक वाळू आणि ग्रीस सोलच्या चिरांत बसतं आणि तिथेच पकड जाते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन चिरा साफ करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. उन्हात नको.

भाच्याला मी बिनअस्तराचा आखूड डेक बूट सांगितला. धक्क्यावरून चढणार, पाच-सहा तास उभा राहणार, होडी फायबरची, म्हणजे त्याला तोच योग्य. ट्रॉलरवर जायच्या दिवसासाठी मित्राकडचा गमबूट मागून घेता येतो, मापाचा असला तर. महिन्यातून चारदा ट्रॉलरवर जाणार असता तर उलटं सांगितलं असतं, उंच नायट्राइल सोलचा जोड. आणि खिशात 600 रुपयेच असते तर पीव्हीसी घे म्हटलं असतं, पण दुकानातले दहा जोड उलटे करून, नख लावून, सगळ्यांत मऊ आणि बारीक चिरांचा शोधून.

शेवटी भाच्याला एवढंच सांगितलं: जोड घरी आला की मोरीतली फरशी ओली करून भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाक, एका हाताने नळ धरून ठेव आणि टाचेवर भार देऊन एक पाऊल पुढे टाक. टाच सरकली तर बूट पुसून, बिलासकट दुसऱ्याच दिवशी दुकानात परत ने.