फुटलेली पाइपलाइन: तक्रार अर्ज, माहिती अर्ज, वाचकपत्र की लेख?

गल्लीच्या तोंडाशी पाइपलाइन फुटून तीन आठवडे झाले, पाणी गटारात चाललंय. लिहायला तर हवं, पण काय? चारही प्रकारांत मजकूर तोच वाटतो. वाचणारा मात्र दर वेळी वेगळा असतो, आणि वाचून त्याने करायचं कामही वेगळं.

पाइप दुरुस्त व्हायला हवा असेल तर तक्रार अर्ज. तो आधी लिपिक वाचतो, मग अभियंता. दोघांनाही एक पान पुरे. जागा विषयाच्या ओळीतच आली पाहिजे. 'पाणी समस्येबाबत' असा विषय दिलेला अर्ज कुठल्याही टेबलावर जाऊन पडतो. 'अमुक चौकात दवाखान्यासमोर जलवाहिनी फुटल्याबाबत' म्हटलं की माणूस थेट तिथे पाठवता येतो. खाली तीनच गोष्टी लिहा: गळती कधीपासून आहे, दिवसभर वाहते की फक्त पाणी सुटतं तेव्हा, आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक. दुसऱ्या मुद्द्यावरून मुख्य वाहिनी फुटली की गल्लीतली, याचा अंदाज येतो. त्याच अर्जात दिवे, खड्डे, कचरा कोंबलात तर एकही विभाग तो आपला मानणार नाही. 'अक्षम्य', 'बेजबाबदार' हे शब्द आवरणं जड जातं खरं, पण त्यांनी काम हलत नाही. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

माहिती अर्जाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. त्याने पाइप जोडला जात नाही, कागद हाती येतात. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली कार्यालयाकडे नोंदीत असलेलीच माहिती मिळते. 'का' या प्रश्नाचं उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 साली हे स्पष्ट केलं. म्हणून 'दुरुस्ती अजून का झाली नाही?' असं विचारू नका. 'तक्रार क्रमांक अमुक, दिनांक अमुक, यावरील कार्यवाहीच्या टिपणीची आणि कार्यादेशाची प्रत द्यावी' असं लिहा. कार्यादेश म्हणजे काम करण्याचा लेखी आदेश. महाराष्ट्रात 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारणतः 150 शब्द अशी मर्यादा आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण पुरावा जोडावा लागतो. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे दाद, करा. ही तारीख चुकवणारे फार.

वाचकपत्र सर्वसामान्य वाचकासाठी असतं. त्याला तुमची गल्ली माहीत नाही आणि तिच्याशी देणंघेणंही नाही, म्हणून मुद्दा त्याच्याही घरापर्यंत न्यावा लागतो. पुरवठा बंद असताना फुटलेल्या पाइपमध्ये आजूबाजूचं घाण पाणी शिरतं आणि पुढच्या वेळी तेच नळाला येतं, हे लिहिलं की लांबचा वाचकही थांबतो. दीडशे-दोनशे शब्द, एकच मुद्दा, तोही पहिल्या दोन वाक्यांत. जागा कमी पडली तर शेवटाला कात्री लागते. पूर्ण नाव आणि पत्ता द्या.

लेख सगळ्यात शेवटी, कारण त्याला लागणारा पुरावा पहिल्या दोन अर्जांतूनच मिळतो: पोच, टिपणी, कार्यादेशाची तारीख. अर्जातून वगळलेलं सगळं इथे उपयोगी पडतं: पहाटे चारला हंडे घेऊन उभी रांग, गटाराच्या आवाजाने कळणारी पाण्याची वेळ, एखाद्या घराचा दिवस. मात्र रांगेपासून सुरुवात केलीत तर तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदापर्यंत कार्यादेशाची तारीख येऊ द्या, नाहीतर उरतं फक्त हळहळणं. आणि अर्ज लिहून लिहून हाताला लागलेलं 'सदर', 'उपरोक्त' पाठवण्यापूर्वी शोधून काढा.