बँडचे पहिले फोटो कुणाच्या वाटेने काढावेत: आस्ट्रिड किर्शहेर की रॉबर्ट फ्रीमन?

बँड नवा असला की गाणी ऐकायच्या आधी लोक फोटो मागतात. आयोजकाला पोस्टरसाठी हवा असतो, गाणं अपलोड करताना चौकोनी चित्र लागतं. मग कुणीतरी संदर्भ म्हणून बीटल्सचा फोटो ग्रुपवर टाकतो. काळी पार्श्वभूमी, काळे स्वेटर, चार चेहरे, प्रत्येकाची एक बाजू उजेडात आणि दुसरी अंधारात. “असं काहीतरी करूया.”

तो फोटो रॉबर्ट फ्रीमनचा, 1963 सालचा. पण त्यातला उजेड, तो गंभीरपणा, कपाळावर उतरलेले केस, हे सगळं तीन वर्षं आधी हॅम्बुर्गमध्ये आस्ट्रिड किर्शहेरच्या कॅमेऱ्याभोवती गोळा व्हायला लागलं होतं. दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर एकाच घराण्यातली वाटतात. ती काढायची रीत मात्र इतकी वेगळी आहे की फोटो काढणाऱ्याने आणि काढून घेणाऱ्या बँडनेही आधी ठरवून घ्यावं, आपण कुठल्या वाटेने जाणार. माझा कौल आताच सांगते: बँड नवा असेल तर किर्शहेर. फ्रीमनचीही एक वेळ असते, तिच्याविषयी पुढे.

हॅम्बुर्ग, 1960

ऑगस्ट 1960 मध्ये लिव्हरपूलहून पाच पोरं, म्हणजे तेव्हाचे बीटल्स, हॅम्बुर्गच्या सेंट पाउली भागात वाजवायला आली. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, बास गिटारवर स्टुअर्ट सटक्लिफ आणि ड्रमवर पीट बेस्ट. रोज रात्री तासन् तास वाजवायचं आणि झोपायला एका सिनेमा थिएटरच्या पडद्यामागची कोंदट खोली. क्लाउस फोरमान नावाचा तरुण चित्रकार एका रात्री आवाजाच्या मागावर कायझरकेलर या तळघरातल्या क्लबात शिरला आणि थक्क होऊन परतला. मग तो आपल्या मैत्रिणीला, आस्ट्रिडला, तिथे घेऊन गेला. ती बावीस वर्षांची होती. फॅशन शिकायला गेलेली, पण राइनहार्ट वोल्फ या छायाचित्रकाराने तिला फोटोग्राफीकडे वळवलं आणि पुढे स्वतःची सहायक म्हणून ठेवून घेतलं.

तिने या पाच जणांना फोटोसाठी बोलावलं ते जत्रेच्या मैदानावर. हॅम्बुर्गची ‘डोम’ ही मोठी जत्रा हायलिगेनगाइस्टफेल्ड नावाच्या मोकळ्या मैदानावर भरते. लोखंडी सांगाडे, अवजड गाड्या, वर करडं आभाळ. त्या काळी गाणाऱ्या मंडळींचे फोटो म्हणजे एका रांगेत उभे, तेल लावून चोपलेले केस, बत्तीशी बाहेर. इथे कुणी हसत नाही. एका चित्रात जॉन गिटार घेऊन पुढे आहे, अगदी स्पष्ट, आणि स्टुअर्ट मागे धूसर. बँडच्या प्रसिद्धीच्या फोटोत एक माणूस मुद्दाम फोकसबाहेर ठेवायचा! आज आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण त्या वेळच्या कुठल्याही एजंटाने तो फोटो परत पाठवला असता.

तिच्या हातात रोलायकॉर्ड होता. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं. फोटो काढणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यामागे लपत नाही. मान वर केली की समोरच्याची आणि तुमची नजरानजर होते. लेन्स छातीच्या खाली असल्यामुळे समोरचा माणूस किंचित खालून दिसतो आणि त्याला आपसूक वजन येतं. रोलमध्ये फक्त 12 चौकोनी फ्रेम. धडाधड बटण दाबत सुटायची सोयच नाही. माणूस स्वस्थ होईपर्यंत थांबावं लागतं. त्या फोटोंमधली शांतता बरीचशी या थांबण्यातून आली आहे असं मला ठामपणे वाटतं.

फोटो झाल्यावर ती त्यांना घरी चहाला घेऊन गेली. पीट बेस्ट आला नाही, बाकीचे आले. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, स्टुअर्टशी बोलायचं तर क्लाउस मध्ये दुभाषा. तरी दोघांचं जुळलं आणि त्याच वर्षी साखरपुडाही झाला. तिच्या मित्रमंडळींची राहणी या पोरांनी जवळून पाहिली: काळे कपडे, पोलो नेक म्हणजे उंच गळ्याचे स्वेटर, चामडं, पॅरिसच्या विचारवंतांचा प्रभाव. तिचे कपडे स्टुअर्ट घालायचा, त्यात बिनकॉलरचं जाकीट होतं. पुढे 1963 मध्ये बीटल्सनी तशाच धाटणीचे सूट शिवून घेतले.

केसांच्या बाबतीत मात्र श्रेय वाटून द्यायला हवं. क्लाउसचे केस आधीपासून तसे होते. आस्ट्रिडने स्टुअर्टचे कापले. जॉन आणि पॉलचे 1961 मध्ये पॅरिसमध्ये कापले ते त्यांच्याच कंपूतल्या युर्गेन फोल्मरने, आणि तोही छायाचित्रकारच. ‘बीटल्सची केशरचना किर्शहेरने शोधली’ असं कुणी म्हटलं की ती स्वतःच ते खोडून काढायची. हॅम्बुर्गमध्ये कलेचं शिक्षण घेणारी कितीतरी मुलं तशीच दिसतात, असं तिचं म्हणणं. मला हा तिचा मोठेपणा वाटतो, आणि ते खरंही आहे. तिने रूप बनवून त्यांच्या अंगावर चढवलं नाही. आपल्या घोळक्यातल्या माणसांकडे ती ज्या नजरेने पाही, त्याच नजरेने या परक्या पोरांकडे पाहिलं.

10 एप्रिल 1962 रोजी स्टुअर्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला, वय 21. त्यानंतर ज्या पोटमाळ्यावर तो चित्रं काढायचा तिथे तिने जॉन आणि जॉर्जचे फोटो काढले. उजेड एका बाजूने येतो, अर्धा चेहरा काळोखात. फोटोत प्रसिद्धीचा मागमूस नाही. जॉन हरवलेला दिसतो. मागे उभा असलेला जॉर्ज जेमतेम 19 वर्षांचा, आणि तोच मोठा भाऊ वाटतो.

बोर्नमथ, 1963

मधल्या काळात ब्रायन एप्स्टाइन मॅनेजर झाला, चामडं जाऊन सूट आले, पीट बेस्टच्या जागी रिंगो स्टार आला. पहिल्या एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, कव्हरवर छायाचित्रकार अँगस मॅकबीनने त्यांना ईएमआय या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या जिन्यात उभं करून खालून टिपलं. चौघे हसताहेत, फोटो झकास आहे, पण तो त्या काळच्या रिवाजातला.

फ्रीमन आला तो दुसऱ्या एलपीसाठी. त्याने आधी जॅझ वादकांचे कृष्णधवल फोटो काढले होते, जॉन कोल्ट्रेनचेसुद्धा. ऑगस्ट 1963 मध्ये बँड इंग्लंडमधल्या बोर्नमथ गावी आठवडाभर कार्यक्रम करत होता. हॅम्बुर्गचे अर्ध्या उजेडातले फोटो बँडच्या मनात घर करून होते आणि तसंच काहीतरी त्यांना हवं होतं. हॉटेलात खिडकीतून येणारा दुपारचा उजेड, मागे गडद पडदा, अंगात काळे पोलो नेक. एवढ्यावर काम झालं.

इथे फ्रीमनची हुशारी बघण्यासारखी आहे. एलपीचं कव्हर चौकोनी असतं. चौघांना रांगेत उभं केलं तर वर-खाली नुसती रिकामी जागा उरते. म्हणून त्याने तिघांना वर घेतलं आणि रिंगोला उजव्या कोपऱ्यात खाली. रिंगो सगळ्यात शेवटी आलेला आणि उंचीने सगळ्यात कमी. लेन्स 180 मिलिमीटरची, म्हणजे लांब उभं राहून काढलेला फोटो. त्यामुळे पुढचं-मागचं अंतर चेपलं जातं आणि चारही डोकी एका मापाची, एकमेकांना खेटून असल्यासारखी दिसतात. ‘विथ द बीटल्स’ 22 नोव्हेंबर 1963 रोजी बाजारात आली. कंपनीला हे न हसणारे चेहरे पसंत नव्हते. बँड आणि एप्स्टाइन मागे हटले नाहीत. फ्रीमनला या कामाचे 75 पौंड मिळाले, आणि पुढच्या चार एलपींची कव्हरंही त्याच्याकडेच गेली, ‘रबर सोल’पर्यंत.

मग निवड कशी करायची

पहिला प्रश्न विचारा: बँडमधली माणसं पक्की आहेत का? किर्शहेरच्या जत्रेतल्या फोटोंमध्ये पाच जण आहेत, त्यातले दोघे दोन वर्षांत बँडमध्ये राहिले नाहीत. तरी ते फोटो शिळे झाले नाहीत, कारण त्यात प्रत्येक जण स्वतंत्र माणूस आहे. फ्रीमनच्या रचनेतून एक चेहरा काढून बघा, सगळं कोसळतं. ती रचना म्हणजे ‘हे चौघे आणि हेच चौघे’ अशी जाहीर घोषणा आहे. नव्या बँडमध्ये वर्षभरात ड्रमर बदलतो, हे वाजवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. घोषणा करायची घाई कशाला?

दुसरा प्रश्न जागेचा. लांब लेन्सने चौघांना एका फ्रेममध्ये घ्यायचं तर बरंच मागे सरकावं लागतं, त्यासाठी हॉटेलच्या दालनासारखी लांबी हवी. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये रुंद लेन्स लावून तीच रचना केली तर पुढच्याचं नाक मोठं आणि मागच्याचं डोकं लिंबाएवढं. किर्शहेरची लेन्स साध्या नजरेच्या जवळपासची होती, 75 मिलिमीटर, मध्यम आकाराच्या फिल्मवर. एक माणूस, एक खिडकी, समोर थोडीशी जागा एवढ्यात तिची रीत बसते. मोबाइलवर करायचं असेल तर रुंद लेन्स टाळा, एकेकाला खिडकीशी आडवं बसवा, आणि खोलीतले दिवे बंद करा.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि इथे फ्रीमन उजवा ठरतो. गाणं पुढच्या आठवड्यात येतंय, बँडशी ओळख आजच झाली, हातात एक दुपार आहे. अशा वेळी किर्शहेरच्या वाटेने जाऊन काही हाती लागत नाही. ओळखीला जो वेळ लागतो तो लागतोच. फ्रीमनसारखी पक्की रचना कागदावर आखून जा. फक्त त्याचाच आराखडा उचलू नका. तो इतक्या वेळा उचलला गेला आहे की लोकांना तुमच्या बँडआधी बीटल्स आठवतील. त्याच्याकडून घ्यायचा तो विचार: चौकोनात किती माणसं, कुठे, आणि का.

पैशांच्या बाबतीत मात्र किर्शहेरचा कित्ता अजिबात गिरवू नका. तिने प्रिंट वाटल्या, निगेटिव्हही हातच्या जाऊ दिल्या. तिचे फोटो जगभर छापले गेले, अनेकदा तिच्या नावाशिवाय, आणि तिच्या पदरात फार थोडं पडलं. मासिकांना तिच्याकडून बीटल्सशिवाय दुसरं काही नकोच होतं, आणि साठचं दशक संपायच्या आतच तिने फोटोग्राफी जवळजवळ सोडून दिली. इतकी चांगली नजर अशी वाया जावी याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार केला नसेल, तर पहिला मालक ते काम सांगणारा ठरतो. मैत्रीखातर फुकट काढला तर मालकी साधारणपणे फोटो काढणाऱ्याची. म्हणून मित्रांच्या बँडचे फोटो काढतानाही दोन ओळी लिहून घ्या: फोटो कशासाठी वापरायचे, किती काळ, आणि नाव कुठे येणार. मूळ फाइल आपल्यापाशी ठेवा. बँडवाल्यांनीही हा कागद स्वतःहून मागावा. उद्या कंपनीला कव्हर द्यायची वेळ आली तर पहिली विचारणा त्याचीच होते.