पत्ते मोजून ब्लॅकजॅक: आठ महिने, पणजीच्या तीन फेऱ्या आणि माझा हिशेब

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे मांगपत्त्याचे डाव बसतात, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. गेल्या पोळ्याला मी मात्र ओसरीत एकटाच पत्त्यांचा कॅट घेऊन बसलो होतो. एकेक पत्ता उलटत होतो आणि मोबाईलवर सेकंद बघत होतो. बाबा म्हणाले, "काहून रे, एकटाच कोणासंगं खेळून राहिला?" मी म्हटलं, "खेळत नाही बाबा, मोजून राहिलो."

त्याला आता आठ महिने झाले. राळेगाव तालुक्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी हिशेब लिहितो. आकड्यांची सवय असल्यानं पत्ते मोजणं आपल्याला जमेल असं वाटलं, आणि ते जमलं. पैसे मात्र सुटले नाहीत. का सुटले नाहीत ते नीट लिहितो, कारण आमच्या भागातली बरीच पोरं मला हेच विचारतात.

ब्लॅकजॅकमध्ये सामना डीलरशी, म्हणजे कॅसिनोकडून पत्ते वाटणाऱ्याशी असतो. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या वर जाऊ न देता त्याच्याहून जास्त करायची. गुलाम, राणी, राजा दहाचे, एक्का एकचा किंवा अकराचा. मोजणी अवघड नाही. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता निघाला की एक मिळवायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. दस्सी, गुलाम, राणी, राजा, एक्का निघाला की एक वजा. एका कॅटमध्ये वीस पत्ते मिळवायचे आणि वीस वजा करायचे, म्हणून सगळा कॅट संपला की उत्तर शून्य यायलाच पाहिजे. ते आलं नाही तर कुठंतरी चुकलं. सुरुवातीला मला दीड मिनिट लागायचं आणि शेवट कधी तीनवर तर कधी वजा दोनवर यायचा. दिवाळीपर्यंत तीस सेकंदांच्या आत आलो. खरी अडचण पुढे आहे. कॅसिनोत सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसतात, म्हणून आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येनं भागावं लागतं. बेरीज नऊ आणि उरलेले कॅट तीन, तर खरा आकडा तीन. हे सगळं समोर पत्ते पडत असताना, शेजारचा बोलत असताना करायचं.

याच्यामागे भोंदूपणा नाही. मोठे पत्ते जास्त उरले असले की खेळणाऱ्याला पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाच्या पत्त्याचा ब्लॅकजॅक जास्त वेळा लागतो आणि त्याचे दीडपट पैसे मिळतात. डीलरलाही तो तितकाच लागतो, पण त्याला दीडपट कोणी देत नाही. शिवाय डीलरला सोळापर्यंत पत्ता घ्यावाच लागतो, आणि मोठा पत्ता आला की तो एकवीसच्या वर जाऊन फुटतो. आपण मात्र बारावरही थांबू शकतो. १९५६ मध्ये अमेरिकेच्या सैन्यातल्या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर कोणत्या हाताला काय करायचं ते काढलं. मग एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकानं आयबीएमच्या संगणकावर हिशेब करून, मोजणी केली तर पारडं खेळणाऱ्याकडे झुकतं हे दाखवलं आणि १९६२ मध्ये पुस्तक छापलं. त्यानंतर कॅसिनोवाल्यांनी कॅट वाढवले, पिसणं वाढवलं.

मोजणीच्या आधी थांबायचं कधी आणि पत्ता घ्यायचा कधी याचा तक्ता पाठ लागतो. दोन अठ्ठ्या आल्या की वेगळ्या करून दोन हात खेळायचे. अकरावर बहुतेक वेळा डबल, म्हणजे बोली दुप्पट करून एकच पत्ता घ्यायचा. बारा असताना डीलरकडे चौकी, पंजी किंवा छक्की दिसली की थांबायचं. विमा (डीलरचा एक्का दिसला की त्याला ब्लॅकजॅक लागेल यावर लावायची वेगळी बोली) घ्यायचा नाही, खरा आकडा तीन किंवा वर असेल तरच. माझ्या आठ महिन्यांत सगळ्यात कामाची गोष्ट कोणती म्हणाल, तर हा तक्ता. चांगले नियम असले तर त्याच्या जोरावर कॅसिनोचा फायदा शंभर रुपयांमागे अर्ध्या रुपयाच्या आसपास येतो.

पहिली फेरी नोव्हेंबरात झाली. नागपूर-मडगाव गाडी बडनेऱ्याहून धरली आणि तिथून पणजी. मांडवीत उभ्या बोटींवर कॅसिनो आहेत. २१ वर्षांखालच्याला आणि गोव्याच्या रहिवाशाला तिथं खेळता येत नाही, म्हणून ओळखपत्र नीट बघतात. आपल्या राज्यातही १९७६ चा कॅसिनो कायदा होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणून इतक्या लांब जावं लागलं.

एक लाख रुपये मी वेगळे काढले होते. किमान बोली हजाराची. आकडा वर गेला की पाच हजारांपर्यंत चढायचं, असं ठरवलं होतं. पहिल्या फेरीत साडेबावीस हजार जिंकले. घरी येईपर्यंत माझी खात्री पटली होती की जिनिंगची नोकरी आता फार दिवस करायची नाही. ती खात्री चुकीची होती.

जानेवारीत एक्केचाळीस हजार गेले. एक डाव अजून डोळ्यांपुढे आहे. खरा आकडा चार, बोली पाच हजार, माझ्याकडे वीस, डीलरकडे छक्की. याहून चांगली जागा मिळत नाही. डीलरनं पंजी काढली, मग राणी. एकवीस. मी काहीच चुकलो नव्हतो, हेच पचवायला जड गेलं. एप्रिलच्या फेरीत आणखी साडेएकोणीस हजार गेले.

तिन्ही फेऱ्या मिळून एकतीस तास, सुमारे एकोणीसशे डाव, सरासरी बोली चौदाशे. माझा फायदा अर्धा टक्का धरला तर अपेक्षित कमाई तेरा हजार तीनशे. पण इतक्या डावांत निव्वळ नशिबानं हिशेब सत्तर हजार इकडे किंवा तिकडे सरकणं अगदी साधारण आहे. आमच्या काट्यात क्विंटलमागे अर्ध्या किलोचा फरक असला तर तो एका गाडीत दिसत नाही, हंगामभराच्या वजनात दिसतो. तसंच इथे. अर्ध्या टक्क्याला नशिबाच्या बरोबरीला यायलाच पन्नास हजारांवर डाव लागतात. माझ्या चालीनं त्याला ऐंशीहून जास्त फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीचा गाडीभाडं, खोली आणि बोटीचा प्रवेश धरून खर्च नऊ हजार. म्हणजे नशीब सरळ राहिलं असतं तरी तेरा हजार कमवायला मी सत्तावीस हजार घातले असते.

आणि तो अर्धा टक्काही मी उदारपणे धरला आहे. एका बोटीवर आठ कॅटपैकी चार वाटले की पिसायला घेत. आकडा वर चढायला लागतो तेव्हाच संपतो. दुसरीकडे मी बोली वाढवली तशी मागे उभी असलेली बाई डीलरला काही बोलली आणि लगेच पत्ते पिसले गेले. मनातल्या मनात मोजणं हा गुन्हा नाही, पण कधी पिसायचं ते त्यांच्या हातात आहे. काही टेबलांवर वापरलेले पत्ते लगेच यंत्रात परत जातात आणि यंत्र सतत पिसत राहतं. तिथं मोजायला काहीच उरत नाही. ब्लॅकजॅकला हजारावर पंधराशेऐवजी बाराशेच देणारं टेबल दिसलं तर बसूच नका. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो, आणि एवढ्या एका नियमानं कॅसिनोचा फायदा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो.

गाठीचा पैसाही कमी पडला. हजाराच्या बोलीला लाख म्हणजे शंभरपट. मोजणी करणाऱ्याला निदान पाचशेपट लागतात, नाहीतर फायदा दिसायच्या आधीच तो रिकामा होतो. आपल्याकडे पाच लाख पत्त्यांसाठी बाजूला ठेवणारा शेतकरी मला तरी माहीत नाही.

कराचं कोणी सांगत नाही, ते मी सांगतो. पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आहे, उपकर वेगळा, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. नोव्हेंबरच्या साडेबावीस हजारांवर मला सुमारे सात हजार बसतात, जानेवारी आणि एप्रिलला मी किती घालवले याला काही अर्थ नाही. टेबलावर अडतीस हजार, प्रवासाचे सत्तावीस, कराचे सात. बहात्तर हजार.

हा आकडा मी बाबांना जसाच्या तसा सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "लाखातले उरले किती?" बासष्ट हजार उरले होते. त्यातले चाळीस बियाण्या-खताला बाजूला काढले आणि बाकीचे वरच्या वावरातल्या ठिबकच्या नळ्यांना दिले.