गर्श्विन ऐकायचाय: 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' की 'काँचेर्तो इन एफ'?

भाचीनं विचारलं, "मामा, जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचा मेळ ऐकायचाय. अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' आणि 'काँचेर्तो इन एफ' यातलं आधी काय ऐकू?"

वेळेचं म्हणशील तर ऱ्हॅप्सडी, म्हणजे मोकळ्या बांधणीची रचना, साधारण सोळा-सतरा मिनिटांची. काँचेर्तो, म्हणजे एकल वाद्य (इथं पियानो) आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, तीन भागांचा, अर्ध्या तासाचा.

पहिल्याच क्षणी पकडते ती ऱ्हॅप्सडी. क्लॅरिनेट खालून घुमत मींड घेतल्यासारखा वर चढतो. गर्श्विननं तिथं सुटे स्वर लिहिले होते. तालमीत क्लॅरिनेटवादक रॉस गोरमननं ते गमतीनं घसरत वाजवले, गर्श्विनला आवडले आणि तेच रूढ झालं!

१९२४ ची ही रचना पॉल व्हाइटमनच्या बँडसाठी होती, वाद्ययोजना फर्डी ग्रोफेची. म्हणून मूळ बँडच्या धर्तीवरचं ध्वनिमुद्रण शोध. मोठ्या ऑर्केस्ट्रात तिचा तल्लखपणा मला बोथट वाटतो. १९२५ च्या काँचेर्तोची वाद्ययोजना मात्र गर्श्विननं स्वतः केली.

पुन्हा पुन्हा ऐकायला काँचेर्तोच सरस. ऱ्हॅप्सडीत सुंदर धुना एकामागून एक येतात, पण सांधे जाणवतात. काँचेर्तोत पहिल्या भागातली भव्य धून शेवटच्या भागात परत येते, तेव्हा अंगावर काटा येतो. आणि दुसऱ्या भागातला तो दबक्या आवाजातला ट्रम्पेट! मध्यरात्री कुणी एकट्यानंच गुणगुणत बसावं तसा.

जॅझ अगदीच नवा असेल किंवा घरच्यांना सोबत ऐकवायचं असेल, तर ऱ्हॅप्सडी. तू विलंबित ख्यालात रमणारी. तू काँचेर्तोच लाव, तोही दुसऱ्या भागापासून.