सिअर्स रोबकचा १९०२चा कॅटलॉग: जुना अमेरिकन बाजार घरबसल्या, दुकानदारांनी तर वाचाच

आधी सांगते हे काय आहे ते, कारण नाव ऐकून काही कळत नाही. शिकागोची सिअर्स रोबक म्हणून कंपनी होती, पोस्टाने माल विकायची, तिचा १९०२ सालचा कॅटलॉग जसाच्या तसा परत छापलाय. हजाराच्या वर पानं, प्रत्येक पानावर चित्रं, चित्राखाली माहिती आणि किंमत. मी ऑनलाइन जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडून वापरलेली प्रत घेतली, गोव्यात डिचोलीला नीट पोचली, पुठ्ठ्याचा एक कोपरा सोडला तर काही तक्रार नाही.

आमचं इथं भुसारी दुकान आहे, सासऱ्यांच्या वडलांनी काढलेलं. उकडे तांदूळ, नारळ, सोलं, साबण, चवथीला गणपतीवर फळंपानं टांगायची माटोळी असते तिची सुतळी, सगळं. त्यामुळे मी हा कॅटलॉग गंमत म्हणून चाळला नाही, दुकानाच्या हिशोबाने वाचला, रात्री गल्ला मोजून झाला की रोज थोडी थोडी पानं. आणि माझं मत असं की छोट्या गावात दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाने हा एकदा तरी बघावा, कारण शंभर सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या छोट्या गावातल्या दुकानदारावर जे आलं ते आज आपल्या दारात उभं आहे.

आत काय नाही ते विचारा. खिशातली घड्याळं, शिलाई मशिनी, चुली, बग्ग्या, घोड्याचं सामान, बंदुका, ऑर्गन, कपडे, कॉर्सेट. चष्मेसुद्धा, म्हणजे डोळे घरीच कसे तपासायचे ते दिलंय आणि त्याप्रमाणे ऑर्डर पाठवायची. चित्रं कोरीव कामाची, बारीक रेघांची, चुलीची चित्रं तर इतकी सुंदर आहेत की नुसती बघत बसावं. एकच चूल वेगवेगळ्या साइजमध्ये, वजन किती, भाव किती, सगळं लिहून. मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र मालाचा नाहीच, सुरुवातीची पानं. तिथं ऑर्डर कशी द्यायची, पैसे कसे पाठवायचे, रेल्वेने माल कुठल्या राज्यात न्यायला किती भाडं पडेल याचे तक्ते, भाडं परवडावं म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून एकदम ऑर्डर करा असा सल्ला. आपण ज्याला कधी बघितलं नाही अशा माणसावर गिऱ्हाइकाने विश्वास का ठेवावा, त्याचं उत्तर म्हणून बँकांचे दाखले छापलेत. आणि माल आवडला नाही तर परत पाठवा, पैसे परत, वर जाण्यायेण्याचं भाडंही परत. हे १९०२मध्ये! त्या वर्षांत कंपनी गिऱ्हाइकांना असंही सांगायची की कुठल्याही भाषेत लिहा, अक्षर कसंही असू दे, आम्ही समजून घेऊ. जर्मनी, स्वीडन, नॉर्वेकडून आलेले कितीतरी शेतकरी तेव्हा तिथं होते, इंग्रजी धड न येणारे, त्यांना हे वाचून किती धीर आला असेल.

आता हे सगळं एवढं मोठं का वाटलं, ते कळायला त्या वेळचं गावातलं दुकान डोळ्यासमोर आणावं लागतं. जनरल स्टोअर म्हणायचे त्याला. एकच लांब खोली, काउंटर, मागे छतापर्यंत फळ्या, आणि माल सगळा काउंटरच्या मागे. गिऱ्हाइकाने मागायचं, दुकानदाराने काढून द्यायचं, तोलायचं, कागदात बांधायचं. पिठाची पोती, साखर, रॉकेल, खिळे, कापड, औषधं, सगळं एकाच छपराखाली. क्रॅकर नावाची कडक बिस्किटं उघड्या पिंपात. (पाकिटातली बिस्किटं तिथं १८९८नंतर नॅशनल बिस्किट कंपनीच्या युनीडा बिस्किटांनी लोकप्रिय केली, त्याआधी उंदीर आणि ओल दोन्हीची वाटणी असायची.) बऱ्याच ठिकाणी पोस्टही दुकानातच, दुकानदारच पोस्टमास्तर. बायका अंडी आणि लोणी घेऊन यायच्या आणि त्या बदल्यात कापड, कॉफी घेऊन जायच्या. हे वाचताना मला काही परकं वाटलं नाही, आमच्याकडे काजूच्या मोसमात अजून लोक बिया घेऊन येतात, आम्ही तोलून घेतो, आणि त्याच पैशांतला अर्धा बाजार तिथंच होतो. बुधवारच्या बाजाराला तर विचारू नका.

पण त्या दुकानात किंमत कुठं लिहिलेली नसायची, ही मुख्य गोष्ट. मालावर चिठ्ठी असायची तिच्यावर आकड्यांऐवजी अक्षरं, खरेदीचा भाव दुकानदाराला कळावा आणि गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. मग माणूस बघून भाव. त्यात उधारी. शेतकऱ्याला पैसा मिळणार पीक आल्यावर, तोपर्यंत वर्षभर वहीत मांडायचं, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत तर उघड उघड दोन भाव असायचे, रोखीचा एक आणि उधारीचा दुसरा, उधारीचा बराच चढा, वर हमी म्हणून येणारं पीकच दुकानदाराकडे बांधलेलं. म्हणजे शेतकऱ्याने दुसऱ्या दुकानात जायचा विचारच करायचा नाही. काळ्या लोकांची स्थिती त्याहून वाईट. दुकानात आधी उभे असले तरी गोऱ्यांचं सगळं झाल्यावर त्यांचा नंबर, हलका माल त्यांच्या गळ्यात. अशा माणसाच्या घरी हा कॅटलॉग येतो आणि त्यात गोऱ्या जमीनदाराला जो भाव तोच त्याला, पाकिटावर नाव लिहायचं आणि पाठवायचं, रंग कोणी विचारत नाही. काही गावांतल्या दुकानदारांनी मग अशीही अफवा उठवली की सिअर्स आणि रोबक हे दोघंच काळे आहेत, म्हणजे गोरी गिऱ्हाइकं तुटतील. इतक्या खालच्या थराला गेले.

कंपनी कशी उभी राहिली तेही थोडक्यात. असा पोस्टाने सगळा माल विकणारा पहिला माणूस सिअर्स नाही, दुसऱ्या कंपनीचा आरन माँटगोमेरी वॉर्ड, त्याने १८७२मध्ये शिकागोहून एका कागदावर १६३ वस्तूंची यादी छापून सुरुवात केली. रिचर्ड सिअर्स मिनेसोटात रेल्वे स्टेशनवर कामाला होता, १८८६मध्ये तिथं एका व्यापाऱ्याने न सोडवलेली घड्याळं त्याने घेऊन दुसऱ्या स्टेशनांवरच्या लोकांना विकली, त्यातून धंदा. ॲल्वा रोबक घड्याळं दुरुस्त करणारा. पुढे ज्युलियस रोझनवाल्ड आला आणि त्याने कारभाराला शिस्त लावली. असं सांगतात की सिअर्सने आपला कॅटलॉग वॉर्डच्या कॅटलॉगपेक्षा मुद्दाम थोडा छोटा ठेवला, म्हणजे घरातली बाई आवरताना मोठा खाली ठेवेल आणि छोटा वर. टेबलावर कोण वर राहणार इथपर्यंत विचार! दुकानाची मांडणी करणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

मार्क कापायचे ते औषधांच्या पानांना. ती पानं वाचून खरंच राग येतो. हायडेलबर्ग नावाचा विजेचा पट्टा, कमरेला बांधायचा, मोठा पट्टा १८ डॉलरचा, पुरुषांची सगळी अशक्तपणाची दुखणी जाणार म्हणे. रंग उजळायला आर्सेनिकच्या गोळ्या, विष आहे ते! दारू सोडवायचं औषध, तंबाखू सोडवायचं औषध. चुलीचं वजन इतकं खरं खरं लिहिणारी कंपनी आणि ती गरीब माणसाच्या दुखण्यावर असं काही विकते. अमेरिकेत १९०६मध्ये औषधांचा कायदा आला, आणि सिअर्सने ही असली औषधं १९१३मध्ये बंद केली, पण तोपर्यंत किती घरांत गेली असतील. छापील अक्षरावर लोकांचा विश्वास बसला की तो विश्वास वाटेल तिथं वापरता येतो, आणि हे आज मोबाइलवर रोज चाललंय, आमच्याच गिऱ्हाइकांतले कितीतरी साखर उतरवायची चूर्णं मागवून बसलेत.

गावातले दुकानदार गप्प बसले नाहीत. गावात कमावलेला पैसा गावात राहू दे म्हणून मोहिमा काढल्या, काही ठिकाणी चौकात कॅटलॉगांच्या होळ्या केल्या, मुलांना कॅटलॉग आणून दिल्याबद्दल बक्षीस म्हणून पैसे नाहीतर सिनेमाचं तिकीट. खेड्यापाड्यांत सरकारी टपाल घरपोच द्यायची योजना १८९६ला प्रयोग म्हणून सुरू झाली, १९०२ला कायम झाली, त्यामुळे कॅटलॉग दुकानदाराच्या डोळ्यांसमोरून न जाता थेट शेतावर जायला लागला. पार्सल टपालाला तर दुकानदारांनी वर्षानुवर्षं विरोध केला, तरी १ जानेवारी १९१३ला ते सुरू झालंच. त्याआधी टपालाने चार पौंडांच्या वर काही जात नसे. होळ्या करून एकही गिऱ्हाईक परत आलं नसेल असं मला वाटतं. भाव लिहून लावले असते तर कदाचित थांबले असते काही.

हे कोणी केलंच नाही असं नाही. जेम्स कॅश पेनीने १९०२मध्येच, म्हणजे या कॅटलॉगच्याच वर्षी, वायोमिंगमधल्या केमररला दुकान काढलं. केमरर कोळशाच्या खाणींचं गाव, तिथं खाण कंपनीची दुकानं, मजुराला उधारी आणि ती पगारातून कापलेली. पेनीने रोखीने आणि सगळ्यांना एकच भाव असं दुकान उघडलं, लोक म्हणाले चालणार नाही, पहिल्याच दिवशी ४६६ डॉलर ५९ सेंटची विक्री झाली. नवराबायको दुकानाच्या वरच्या माळ्यावर राहायचे.

खाणीचं गाव म्हटल्यावर आम्हा डिचोलीकरांना वेगळं सांगायला नको. २०१२च्या सप्टेंबरात आमच्या लोखंडाच्या खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू होऊन २०१८च्या मार्चात परत बंद, आणि दोन्ही वेळा ट्रकवाल्यांच्या, नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जवाल्यांच्या घरचा बाजार आमच्यासारख्यांच्या वहीत गेला. "वयनी, बरय वहींत" (वहिनी, वहीत लिही) एवढंच म्हणायचे, नजर खाली. कुठल्या ॲपवर असं म्हणता येतं? पेनीचं मला पटतं पण सगळं नाही पटत. रोखीचाच धंदा केला असता तर त्या वर्षांत कितीतरी घरांत चूल पेटली नसती, आणि तीच घरं आज आमच्याकडे येतात. उधारी वाईट नाही, उधारीवाल्याला चढा भाव लावणं वाईट. आमच्या सासऱ्यांनी वहीवाल्याला आणि रोखीवाल्याला कधी वेगळा भाव लावला नाही, वसुलीला दारात माणूस पाठवला नाही. हे त्यांनी कुठं वाचून केलं नाही, पण कॅटलॉग वाचल्यावर मला कळलं की तेवढ्यानेच आमचं दुकान अजून उभं आहे. बाकी आमच्याकडे काय आहे? भाव मोठ्या मॉलचा आम्हाला कधीच परवडणार नाही.

आता प्रत घेणाऱ्यांसाठी. छपाई बारीक आहे, मूळचीच बारीक, त्यात काही पानांवर शाई पसरलीय, चाळिशीच्या पुढच्यांनी भिंग जवळ ठेवा. वजन भरपूर, पडून वाचता येत नाही. इंग्रजी जुन्या पद्धतीचं आणि लांबलचक, पण चित्रांमुळे अडत नाही, आमची आठवीतली मुलगी बग्ग्यांची पानं न सांगता वाचत बसते. १८९७ आणि १९०८च्या कॅटलॉगचीही पुनर्मुद्रणं मिळतात, ऑर्डर करताना साल बघून घ्या, विकणारे चित्र एक लावतात आणि पाठवतात दुसरंच. विषयसूची सुरुवातीला नीट बघून ठेवा म्हणजे शोधत बसावं लागणार नाही. माझ्याकडून पाचातले चार, एक औषधांच्या पानांचा कापला.

आम्ही दुकानात दारातच फळा लावलाय आता, तांदूळ, साखर, तेल, नारळ, रोजचा भाव खडूने. शेजारचे दुकानदार म्हणतात गिऱ्हाईक फोटो काढून दुसरीकडे दाखवेल. दाखवू दे की. डिचोलीतल्या कोणाला कॅटलॉग बघायचा असेल तर काउंटरवर ठेवलाय, बुधवारी गर्दी असते, इतर दिवशी दुपारी या.